न मरणाऱ्या मेंढ्या

तंजावरच्या मोठ्या देवळात मराठी माणूस ओळखायला फार त्रास पडत नाही. बाकीची मंडळी मान वर करून २१६ फुटांचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, न्याहाळत असतात. आपला माणूस मान खाली घालून, फोनवर बोट फिरवत, प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूला निघालेला असतो. तिथल्या भिंतीवर १८०३ साली कोरलेलं भोसले घराण्याचं चरित्र आहे. जगातला सर्वांत मोठा शिलालेख अशी त्याची ख्याती. टेप लावून ती पडताळून पाहिलेला कोणी मला भेटलेला नाही, पण मराठी माणूस या एका बाबतीत हुज्जत घालत नाही. पहिल्या दोन ओळी लागतात, तिसरीला डोळे ताणावे लागतात, चौथीला तो फोटो काढून मोकळा होतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो, 'आपली माणसं कुठवर पोचली होती बघा.'

फोनमधल्या ज्या पानाने त्याला या भिंतीपर्यंत आणून सोडलेलं असतं ते बहुतेक वेळा विकिपीडियाचं असतं. कोणी तरी फुकट लिहिलेलं, कोणी तरी फुकट तपासलेलं, आणि वाचणाऱ्यालाही फुकट. त्यावर जाहिरात नसते, हे लक्षात येतं ते चुकून दुसऱ्याच संकेतस्थळावर जाऊन पडल्यावर. राजराज चोळाने हे देऊळ १०१० साली पुरं केलं, एवढं एक वाक्य वाचेस्तोवर खालून गुडघेदुखीचं तेल वर सरकतं, बाजूने लॉजची खोली येते, वरून रेशमी साड्यांचा सेल उतरतो. बंद करायची फुली इतकी बारीक, की बोट नेमकं तेलावरच पडतं.

आणि गंमत अशी, की असल्या स्वच्छ पानाचं बोट धरून आपण जिच्यासमोर येऊन उभे राहतो ती भिंत म्हणजे चक्क जाहिरात आहे. १७९९ च्या तहात तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांच्या हातून राज्याचा कारभार गेला आणि कंपनी सरकारकडे आला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षासनाचे लाखभर होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. पुढे चार वर्षांत घराण्याचा इतिहास दगडावर चढला. तो लिहिला सरफोजींचे चिटणीस बाबूराय यांनी. म्हणजे मजकूर घरचा, लेखक पगारी आणि जागा देवाची. हाच मजकूर आज कोणी विकिपीडियावर चढवला असता, तर दिवेलागणीच्या आत त्याच्या डोक्यावर 'संदर्भ हवा' अशी पाटी लागली असती, आणि बाबूरायांना अत्यंत सभ्य भाषेत विचारणा झाली असती, की या विषयात आपला काही हितसंबंध?

"मग? बिघडलं काय?" आमच्या तंजावरच्या यजमानांचा सवाल. तमिळ मंडळी तिथल्या मराठी माणसाला रायर म्हणतात, तेव्हा आपणही त्यांना रायरच म्हणू. व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ सतराव्या शतकात इकडे आलेल्यांपैकी यांचं घराणं. घरात मराठी, दारात तमिळ, आणि उभी हयात बँकेत गेल्यामुळे कोणत्याही वादात हिशेब. त्यांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी एक 'सरी' येतं. ते आलं की समजावं, आपला मुद्दा त्यांनी ऐकून घेतला आहे. मान्य केलेला नाही.

रायरांचं म्हणणं असं. फुकट द्यायचं तर खुशाल द्या, पण यंत्रं वीज खातात आणि यंत्रं सांभाळणारी माणसं पगार. तेव्हा जाहिरात घ्या. सगळ्यांच्या माथी मारू नका. ज्याला बघायची असेल त्याने एक कळ दाबावी आणि बघावी. बाकीच्यांना पान आहे तसंच दिसू दे. "ऐच्छिक ठेवा. जुलूम कोणावर नाही आणि पैसा तर येतो."

कल्पना त्यांच्या एकट्याची नाही. विकिपीडियावर राबणाऱ्या मंडळींतही ती अधूनमधून डोकं वर काढते, आणि मांडणारा दर वेळी सज्जनच असतो. मला मात्र या ऐच्छिकपणाचीच धास्ती वाटते. गणपतीची वर्गणीही ऐच्छिकच असते. पावतीवर आकडा आधीच घालून आणलेला असतो, एवढंच.

बरं, धरून चालू की इथे ऐच्छिक म्हणजे सोळा आणे ऐच्छिक. मग ती कळ दाबणार कोण? ज्याला तेल घ्यायचं आहे तो औषधाच्या दुकानात जाईल, ज्ञानकोशात कशाला तडमडेल? कळ दाबणार तो वाचक, ज्याला या कामाबद्दल जिव्हाळा आहे. तो जाहिरात सुरू करून ठेवील आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता खालचं चोळांचं राजकारण वाचत राहील, कारण त्याला तेल नको आहे, पुण्य हवं आहे. तेलवाल्याने पैसे मोजले ते बघण्याचे. म्हणजे तेलवाला फसला. पण तेलवाला काही दूधखुळा नाही. चार महिन्यांत त्याला कळतं, की या गिऱ्हाइकाचे गुडघे मुळात दुखतच नाहीत. मग तो भाव तरी पाडतो, नाही तर म्हणतो, ज्यांचे दुखतात ते लोक कोणती पानं वाचतात तेवढं सांगा, तिथेच लावू. म्हणजे कोण काय वाचतो याची वही ठेवणं आलं. आणि गुडघेदुखीच्या पानावर कोणी लिहिलं, की अमुक तेलाचा गुण येतो याला पुरावा नाही, तर? ते वाक्य काढा असं तेलवाला म्हणणार नाही. त्याला म्हणावं लागतच नाही. लिहिणाराच विचार करू लागतो, की हे इथे इतकं वर हवंच का, जरा खाली घेतलं तर नाही का चालणार.

मी हे सगळं तावातावाने सांगितलं. रायर म्हणाले, "सरी."

तेव्हा मला घडलेल्या गोष्टींकडे वळावं लागलं. २००२ चा फेब्रुवारी. विकिपीडिया जेमतेम वर्षाचा झालेला, आणि ज्या कंपनीच्या जिवावर तो चालला होता तिचे दिवस फिरलेले. संपादनाची धुरा वाहणाऱ्या लॅरी सँगर यांनी पुढेमागे जाहिराती येऊ शकतील असं नुसतं बोलून दाखवलं. एकही जाहिरात अजून लागलेली नव्हती. तेवढ्यावर स्पॅनिश मंडळी भरल्या ताटावरून उठली आणि मजकुराची नक्कल घेऊन सेव्हिल विद्यापीठाच्या यंत्रावर स्वतःचा वेगळा कोश थाटून बसली. (अशी नक्कल घेता येते, परवानाच तसा खुला आहे. फुकटच्या कारभारात वेगळी चूल मांडायला वाटणीपत्र लागत नाही.) त्याच वर्षी विकिपीडियाने पत्त्यातलं 'डॉट कॉम' टाकून 'डॉट ऑर्ग' घेतलं, आणि २० जून २००३ ला नफा न घेणारं विकिमीडिया फाउंडेशन उभं राहिलं. म्हणजे रुसवा अगदीच वाया गेला नाही.

दुसरी गोष्ट आम्हा हिंडणाऱ्यांच्या जास्त जवळची. विकिट्रॅव्हल नावाचं, हौशी लोकांनी लिहिलेलं प्रवासाचं संकेतस्थळ होतं. २००६ साली ते इंटरनेट ब्रँड्स या कंपनीला विकलं गेलं आणि जाहिराती आल्या. जर्मन आणि इटालियन लेखकांनी त्याच वर्षी बाहेर पडून विकिव्हॉयेज काढलं. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी २०१२ पर्यंत कळ काढली, मग त्यांतलेही बहुतेक उठले, आणि १५ जानेवारी २०१३ ला विकिव्हॉयेज रीतसर विकिमीडियाच्या घरात आलं. कंपनीकडे नाव राहिलं, जाहिरातीची जागा राहिली. लिहिणारे हात गेले. हे ऐकून रायर प्रथमच जरा अस्वस्थ झाले. बँकेतले अनेक संप त्यांनी पाहिलेले. पण बिनपगारी माणसांचा संप त्यांच्या कोष्टकात बसेना. पगार कापायची सोय नाही, तर असला संप मोडायचा कसा?

फुकट राबणारा माणूस मोठा चमत्कारिक असतो, हे मात्र मी कबूल करतो. त्याला स्वतःला दमडी नको असते. रात्री जागून तो तंजावरच्या नायकांच्या सनावळ्या जुळवील आणि सकाळी त्याबद्दल चहाही मागणार नाही. पण त्या सनावळीच्या शेजारी तेल लागलं आणि त्याचे चार पैसे दुसऱ्याच कोणाच्या खिशात गेले, की त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वेळेची किंमत आठवते.

जाहिरातीचा हा हिशेब आपल्याकडे गांधींनी फार आधी मांडून ठेवलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये सुरुवातीला जाहिराती असत. १९१२ च्या सुमारास त्यांनी त्या बंद केल्या. तत्त्व होतंच, पण त्यांनी सांगितलेली अडचण घरगुती होती. जाहिराती मिळवायला एक चांगला माणूस दिवसभर हिंडणार. कोणती घ्यावी आणि कोणती नाकारावी याचा रोज खल. गावातल्या बड्या माणसाला नाही म्हणायची पंचाईत. आणि शेवटी पैसे वसूल करायला पुन्हा हेलपाटे. पुढे 'यंग इंडिया' आणि 'हरिजन'ही जाहिरातींवाचूनच चालले.

हेलपाट्यांचं हे दुखणं दिवाळी अंक काढणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपलं साहित्य आणि आपला फराळ एकाच सुमाराला बाजारात येतो, आणि अंकाचा खर्च बऱ्याच अंशी जाहिरात उचलते. मला त्याचा राग नाही. उलट त्यातली एक जाहिरात मला फार आवडते. अर्धं पान कोरं, भोवती वेलबुट्टीची चौकट, आणि मधोमध बारीक टायपात 'एका हितचिंतकाकडून'. हा कोण, काय विकतो, कुठे विकतो, काही पत्ता नाही. संपादकाचा मेव्हणा असावा असा आपला संशय. ऐच्छिक जाहिरात म्हणून जगात काही असेलच तर ती ही, आणि तिच्यावर अंक चालत नाही हे संपादकाला पक्कं ठाऊक असतं.

यावर रायर मला गल्लीतल्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात घेऊन गेले. गाभाऱ्यासमोर ट्यूबलाइट होती. तिच्या काचेवर लाल रंगाने 'उबयम', म्हणजे देणगी, असं तमिळमध्ये लिहिलेलं. पुढे देणाऱ्याचं नाव, नावाआधी बापाचं आद्याक्षर, मग दुकान, मग गल्ली. नळी पुरली नाही म्हणून फोन नंबर खालच्या पट्टीवर उतरला होता. उजेड अक्षरांच्या फटींतून मिळेल तेवढा बाहेर पडत होता. "देवाला चालतं," रायर म्हणाले, "तुमच्या ज्ञानकोशाला चालत नाही?" त्यांना देणगी दिसत होती आणि मला ट्यूब. आम्ही दोघांनी प्रदक्षिणा घातली.

कोणाचं नाव लिहूच नये असं माझं म्हणणं नाही, हे पटवायला त्यांना पुन्हा मोठ्या देवळातच न्यावं लागलं. राजराजाचा हुकूम विमानाच्या जोत्यावर कोरलेला आहे. आपण दिलेलं, आपल्या थोरल्या बहिणीने दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतर ज्या कोणी दिलं त्यांचंही, सगळं दगडावर घाला. ही थोरली बहीण म्हणजे कुंदवै. तिचं दातृत्व राण्यांच्या आधी मोजलेलं आहे. दागिने, भांडी, कशाचं वजन किती, सारं तपशिलाने. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची यादी. देवळाच्या सेवेत आणलेल्या ४०० नर्तकींची एकेकीची नावं, कोणत्या आळीत कितवं घर यासकट. मग हिशेबनीस, शिंपी, न्हावी, परीट. देणाऱ्यांच्या बरोबरीने राबणाऱ्यांचीही नावं. विकिपीडियाच्या प्रत्येक पानामागे 'इतिहास' म्हणून एक कळ असते. ती दाबली की कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता कोणता स्वल्पविराम हलवला ते सगळं दिसतं. ही नावं कितीही असू देत, पुढचा मजकूर त्यांनी अडत नाही. बाबूरायांचा शिलालेखही, आता त्यांची बाजू घेऊन सांगायचं तर, चोळांच्या अक्षरांवर चढलेला नाही. तो आपला लांब, प्राकाराच्या भिंतीवर आहे. ज्याला हवा तो शोधत जातो. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या आपल्या ग्रंथांवर सरफोजींनी सह्या केल्या, पण तिथेही मजकूर झाकला नाही. रायरांच्या कळीच्या योजनेच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट तंजावरात कुठली असेल, तर ही मागची भिंत. एवढं मी त्यांना द्यायला तयार झालो.

"पण पैसा?" रायर मूळ पदावर आले. मग मी त्यांना दिव्यांच्या नोंदी सांगितल्या. इथे एका नंदादीपाला ९६ मेंढ्या लावून दिलेल्या असत. मेंढ्या मेंढपाळाच्या हवाली करायच्या आणि त्याने रोज एक उळक्कु (हे तिथलं माप) तूप देवळात आणून घालायचं. या मेंढ्या चोळांच्या दप्तरात मरत नाहीत आणि म्हाताऱ्याही होत नाहीत. खऱ्या मेंढ्या अर्थातच मरत. पण कळपात कोकरं होत राहतात, तेव्हा आकडा कायम धरायचा आणि तूप चुकवायचं नाही. मेंढपाळाचं नाव दगडावर, आणि त्याच्यामागे जामीन कोण तेही दगडावर.

"जामीन घेतले होते?" रायर सावरून बसले.

रोख देणग्यांचीही हीच रीत. रक्कम गावोगावच्या सभांकडे कर्जाऊ ठेवायची आणि दरसाल काशामागे (काशू म्हणजे तेव्हाचं नाणं) एक अष्टमांश काशू व्याज घ्यायचं, म्हणजे साडेबारा टक्के. मुद्दलाला हात नाही, खर्च व्याजातून. रायरांच्या चेहऱ्यावर, हजार वर्षांपूर्वीचा कोणी जातवाला भेटावा तसं समाधान पसरलं. साडेबारा टक्के त्यांनी दोनदा म्हणून पाहिले. विकिमीडियानेही २०१६ साली असाच एक कळप पाळायला घेतला. कायम निधी, लक्ष्य १० कोटी डॉलर. २०२१ मध्ये तो आकडा गाठला गेला.

सरफोजींना मी अजून पुरता न्याय दिलेला नाही. तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याला ओरत्तनाडू लागतं. तिथलं मुक्तांबाळ छत्र त्यांनी उभारलेलं. नाव आहे, पण ते त्यांचं नव्हे, ज्या मुक्तांबाळेवर त्यांचा जीव होता तिचं. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी अशी छत्रं वाटेवर बांधली आणि त्यांच्या खर्चाला गावांचं उत्पन्न लावून दिलं. राज्य हातचं गेल्यावर, १८०१ साली, सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांत काय काय चालतं ते कळवलं. जातपात न बघता सगळ्या वाटसरूंना शिजवलेला भात, ज्याला शिजवलेलं चालत नाही त्याला शिधा, तान्ह्यांना दूध, आजाऱ्याला वैद्य. हे मध्यरात्रीपर्यंत चालायचं. मग घंटा वाजवून पुकारा करायचा, की कोणी जेवायचं राहिलं असेल तर या, भात तयार आहे.

पुकारा असावा तर असा. भरल्या पोटाला पुन्हा भूक लावण्याचा उद्योग त्यात नाही. मी हे जरा भारावूनच बोललो असेन, कारण रायरांनी तोवर आपल्या फोनवर इंग्रजी विकिपीडिया उघडून तो शांतपणे माझ्यापुढे धरला. अर्धा पडदा व्यापून विनंती उभी होती, की आम्ही जाहिरात घेत नाही, तेव्हा आपणच काही तरी द्या.

"मेंढ्या मरत नाहीत म्हणालात ना? मग दरसाल हात का पसरतात?"

याला माझ्याकडे खणखणीत उत्तर नव्हतं आणि नाही. फाउंडेशनचं वर्षाचं उत्पन्न २०२२-२३ मध्ये १८ कोटी डॉलरच्या घरात होतं, आणि विनंतीचा सूर असा, की उद्या दिवा विझतोय. २०२२ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनीच त्या भाषेला हरकत घेतली, चर्चा करून ठराव केला, आणि फाउंडेशनला मजकूर बदलावा लागला. मागणंही वाढत वाढत जाहिरातीसारखं दिसू लागतं, हे रायरांचं म्हणणं मला निमूट ऐकून घ्यावं लागलं. फरक एवढाच दाखवता आला, की ज्यांनी हरकत घेतली त्यांची भाकरी कोणाच्या हातात नव्हती, म्हणून त्यांना हरकत घेता आली. तेलवाल्यापुढे तशी घेतली असती का, याचा रायरांनी विचार करावा.

रायरांनी विचार केला आणि दीडशे रुपये दिले. नाव कुठे येणार, म्हणाले. कुठेच नाही. पावती? मेलवर येईल. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तंजावरचं पान वाचायला घेतलं आणि तिसऱ्याच मिनिटाला उसळले. त्यांच्या मते एका राजाचं साल साफ चुकलं होतं. "तक्रार कोणाकडे करायची?"

"कोणाकडेच नाही. वर 'संपादन' म्हणून कळ आहे. ती दाबा आणि दुरुस्त करा. आधार मात्र द्यावा लागेल."

"फुकट?"

"फुकट."

हा काय कारभार, असं पुटपुटत ते आधार शोधायला माळ्यावर चढले, आणि थोड्या वेळाने वरूनच त्यांनी शिडी धरायला मला हाक मारली.